माणिकप्पास गावात भांडू देणेबाबत

प्रति,
मा. परिवीक्षा अधिकारी (प्रियदर्शनी मॅडम),
लातूर जिल्हा, लातूर.

अर्जदार : जिलानी महेबूबसाब, व्यवसाय बिछायत केंद्र (मंडप, खुर्च्या, स्वयंपाकाची भांडी व वाचलेले स्पीकर), रा. मौजे नागतळ, ता. देवणी.

विषय : माणिकप्पा यांच्या बंधपत्रातील "कोणाशीही भांडणतंटा करणार नाही" ही अट सैल करून त्यांना चारचौघांसारखे भांडू देणेबाबत.

संदर्भ : १) मा. न्यायालयाने लिहून घेतलेले बंधपत्र, ज्यावर जामीनदार म्हणून अर्जदाराची सही आहे. २) आपली गावभेट व पारावरील जाहीर वाचन. ३) अर्जदाराच्या उजव्या खांद्याचे हाड, जे आता जुळले आहे.

महोदया,

वरील विषयी अर्जदार आपल्यापुढे जी विनंती ठेवीत आहे, ती आपल्याकडे यापूर्वी कोणी केली नसावी. इतर जामीनदार आपला माणूस भांडतो अशी तक्रार घेऊन येतात. अर्जदाराचा माणूस भांडत नाही, ही अर्जदाराची तक्रार आहे. अर्ज थोडा लांबला आहे. अर्जदाराने उभा जन्म लग्नांत माईक धरून "वऱ्हाडी मंडळींनी जेवायला बसून घ्यावे" अशा विनंत्या केल्या असल्याने विनंतीची भाषा त्यास येते, परंतु ती आटोपती कशी घ्यावी हे येत नाही. सबब क्षमस्व.

१) अर्जदार जन्माने कंधारचा, म्हणजे नांदेड जिल्ह्याचा, आणि लग्नाने नागतळचा. पत्नी शकिला ही इथली लेक असल्याने गाव त्यास आजही जावई समजते, फक्त जावयाचा मान तेवढा देत नाही. माणिकप्पा हा समोरच्या घरातला शेतकरी. घरी म्हातारी आई बसम्मा अव्वा आणि गोठ्यात देवणी जनावरे, एवढाच त्याचा संसार. थोरला भाऊ शिवशंकर वेगळा राहतो व शेजारचा वाटा कसतो. अर्जदार या गावात आला त्या वर्षापासून त्याचे व माणिकप्पाचे एक भांडण चालू होते, ते असे, की बैल कुठला चांगला, देवणी की लाल कंधारी. रोज सकाळी हणमंतरावच्या हॉटेलात ते सुरू व्हायचे. अर्जदार म्हणायचा, देवणी बैल म्हणजे शाई सांडलेला टॉवेल. माणिकप्पा म्हणायचा, लाल कंधारी म्हणजे भट्टीतून काढलेली वीट, तिला शिंगं लावली. मग बापजाद्यांपर्यंत जायचे, ग्लास आपटायचे, आणि दुसऱ्या दिवशी पहिल्यापासून सुरू. या भांडणाच्या जोरावर हणमंतरावचा चहा खपत असे, कारण चहाच्या जोरावर तो खपणारा नव्हे. लाल कंधारी हा देवणीपेक्षा सरस बैल आहे, ही बाब सर्वश्रुत असून तीवर येथे अधिक शाई खर्च करण्याचे कारण नाही.

२) गुन्ह्याबाबत. आपल्याकडील कागदांत तो "कुऱ्हाडीने ध्वनिक्षेपक साहित्याची नासधूस व फिर्यादीस दुखापत" अशा एका ओळीत आहे. फिर्यादी म्हणजे अर्जदारच. त्या दिवसांत माणिकप्पाची झोप उडाली होती. अर्जदाराच्या मंडपातले भोंगे आपल्याविषयी बोलतात, नाव घेऊन बोलतात, वायर काढली तरी बोलतात, असे तो अव्वाला सांगत असे. गावाने लिंबू उतरवले, अंगारा लावला, अर्जदारानेही दर्ग्यातून ताईत आणून बांधला. थोडक्यात, डॉक्टर सोडून सगळ्यांना दाखवून झाले. शेवटी एका लग्नात, हळदीच्या दुपारी, गाणे अगदी रंगात आले असता तो कुऱ्हाड घेऊन आला आणि एकेक भोंगा फोडू लागला. अर्जदार मध्ये पडला. तो मशीन वाचवायला पडला, माणुसकीने नव्हे, हे येथे स्पष्ट केलेले बरे. कुऱ्हाडीचा दांडा खांद्यावर बसला आणि हाड मोडले. तेव्हा माणिकप्पा अर्जदारापाशी मातीत बसला व त्याने विचारले, "जिलान्या, आता बंद झाला का रं आवाज?" अर्जदाराने कळ सोसत सांगितले, "झाला." त्यावर तो लहान लेकरासारखा रडू लागला. नवरदेवाच्या मामाने मात्र गाणे मध्येच का थांबले म्हणून अर्जदारालाच जाब विचारला.

३) पुढे अटक झाली, कोठडी झाली, मग न्यायालयाच्या आदेशाने वेड्यांच्या नव्हे तर मनाच्या दवाखान्यात (हा शब्द आपणच दुरुस्त करून दिला होता) उपचार झाले. गोळ्या लागू पडल्या, आवाज गेले. खटला उभा राहिला तेव्हा माणिकप्पा पुरता शुद्धीवर होता व त्याने केले ते कबूल केले. मा. न्यायाधीश साहेबांनी त्याला तुरुंगात न धाडता, उपचार चालू ठेवण्याच्या व नीट वागण्याच्या अटीवर, तीन वर्षांसाठी आपल्या देखरेखीखाली गावी सोडायचे ठरविले. त्यासाठी जामीनदार हवा होता. शिवशंकर म्हणाला, "आमचा वाटा येगळा, चूल येगळी, माणूस बी येगळा." उरलेल्या गावाला त्या दिवशी नेमकी पेरणी आठवली, वास्तविक महिना माघाचा होता. तेव्हा अर्जदार गळ्यात हात अडकवलेल्या अवस्थेत पुढे झाला. साहेबांनी चष्मा काढून विचारले, की ज्याचे हाड मोडले तोच जामीन राहतो, हे कसे काय. अर्जदाराने सांगितले, "साहेब, गावात माझ्याशी बरोबरीनं भांडणारा दुसरा कोणी न्हाई." हे वाक्य तिथल्या कारकुनाने लिहून घेतले नाही. या सगळ्या प्रकरणामागचे खरे कारण तेवढेच आहे, म्हणून ते इथे लिहून ठेवीत आहे.

४) यानंतर आपण गावभेटीस आलात. मारुतीच्या पारावर गाव जमवून आपण बंधपत्र वाचून दाखविलेत आणि सांगितलेत, की आजार हा आजार असतो, गावाने याला वाळीत टाकू नये, आपल्यात घ्यावे. हेतू सोन्यासारखा होता. परंतु "कोणाशीही भांडणतंटा करणार नाही व शांतता राखील" हे कलम आले तेव्हा हणमंतरावने शंका काढली, "मॅडम, टाळी एका हातानं वाजत न्हाई. ह्यो भांडला तर ह्याच्यावर कारवाई. मग ज्याच्यासंगं भांडला त्याचं काय?" आपण म्हणालात, "गावानेही सहकार्य करायचे आहे." आणि गाडीत बसलात. आपली गाडी ओढ्याच्या वळणावर पोहोचायच्या आत गावाने त्याचा अर्थ लावला. माणिकप्पाशी जो भांडेल त्याच्याही दारात पोलीस उभा राहणार, असा तो अर्थ. कोतवाल दगडोबाने तर तशी दवंडीही दिली, जी द्यायला त्यास कोणी सांगितले नव्हते.

५) तेव्हापासून गावात माणिकप्पा जे म्हणेल ते बरोबर ठरू लागले. पिठाच्या गिरणीत त्याचा डबा आपोआप पुढे सरकू लागला. पत्त्यांच्या डावात लोक हातातला हुकूम लपवून त्याच्याकडून हरू लागले. ग्रामसभेत एकदा तो नुसता खोकला, तर सरपंचांनी गटाराचा ठराव मागे घेतला. ते गटार अजून तसेच तुंबलेले आहे, पुढच्या भेटीत आपणांस वासाने समजेल. हणमंतरावने तर बाजाराच्या दिवशी त्याला आग्रहाने गल्ल्याशेजारी बसवायला सुरुवात केली. त्याच्यासमोर तोंड कोण उघडणार, त्यामुळे चहात साखर नसल्याची तक्रार बंद झाली. आणि कळस असा, की नवरा-नवरीच्या मंडळींत मानपानावरून जुंपण्याची चिन्हे असली, की लोक अर्जदाराकडे मंडप ठरवायला येताना म्हणतात, "खुर्च्या, पातेली, आन् माणिकप्पा बी धाडा. मधी बसवू." अर्जदाराने अशी मागणी प्रत्येक वेळी झिडकारली आहे. माणिकप्पा हा बिछायतीच्या सामानात मोडत नाही.

कोणी म्हणेल, मग बिघडले कुठे? माणूस तर चैनीत आहे. महोदया, तो चैनीत नाही. गावाला वाटते आपण त्याला सांभाळून घेतोय. प्रत्यक्षात गावाने त्याला आहेराच्या भांड्यासारखे फडताळात ठेवून दिले आहे. तो जाईल तिथले बोलणे थांबते. कुणी त्याला खोटे म्हणत नाही, चिडवत नाही, "सरक की तिकडं" असेही म्हणत नाही. ज्याच्याशी गावात कोणी भांडत नाही तो माणूस एक तर पाहुणा असतो, नाहीतर मेलेला. आणि माणिकप्पा पाहुणा तर नाही.

६) अर्जदाराने आपल्या परीने प्रयत्न केले, ते असे. माणिकप्पा गावी परत आल्यावर पहिल्याच सकाळी अर्जदार हॉटेलात जाऊन मोठ्याने म्हणाला, "देवणी बैलाचे कान एवढे लोंबतात कशाला ठावं हाय का? स्वतःचं कौतुक ऐकू येऊ नये म्हणून, कारण कोणी करतच न्हाई." हा घाव पूर्वी केला असता तर ग्लास उडाला असता. माणिकप्पाने खाली बघून म्हटले, "असंल, जिलानी साहेब."

साहेब. गल्लीतल्या कुत्र्यांसमोरही ज्याने अर्जदाराला जन्मभर जिलान्या म्हटले, तो साहेब म्हणाला. अर्जदारास त्या दिवशी जेवण गेले नाही. पुढे अर्जदाराने कंधारहून लाल कंधारी जोडीचे मोठे रंगीत चित्र मागवून माणिकप्पाच्या दाराच्या बरोबर समोर लावले. तो म्हणाला, "चांगलं हाय." अर्जदाराने त्याच्या देवणी कालवडीला "ही म्हैस कधी घेतली?" असे विचारले. तो म्हणाला, "असंल." शकिला हे सगळे खिडकीतून बघत होती. ती म्हणाली, "बरं झालेल्या माणसाला छेडून राहिले तुम्ही. आता त्याच्या इंजेक्शनाला उदगीरला जाल तेव्हा तुमचंच डोकं दाखवून या." पत्नीचे हे मत अर्जदारास मान्य नाही, तरी प्रामाणिकपणाने नोंदवीत आहे.

७) आता मूळ दुखण्याकडे येतो. गावात माणिकप्पाशी कोणी भांडत नाही याचा खरा फायदा एकाने घेतला, तो म्हणजे सख्ख्या भावाने. श्री. शिवशंकर हे सध्या गावच्या तंटामुक्ती समितीचे अध्यक्ष आहेत. नाव सोनूबाई आणि हाती कथलाचा वाळा, ही म्हण यांना बघूनच निघाली असावी. दोघा भावांच्या वाट्यांमध्ये जो बांध आहे तो अध्यक्ष महाशय प्रत्येक नांगरटीला थोडा थोडा कोरतात. माणिकप्पा बांधावर उभा राहून बघतो. हात पाठीमागे धरून बघतो, वर जाऊ नयेत म्हणून. अध्यक्ष महाशय ट्रॅक्टरवरून विचारतात, "काय रं, काय म्हणणं हाय का?" तो म्हणतो, "न्हाई." मग हेच अध्यक्ष समितीच्या सभेत सांगतात, की आपल्या गावात यंदा जमिनीचा एकही तंटा नाही.

त्या बांधाला लागून त्यांच्या वडिलांची समाधी आहे. लिंगायतांत माणसाला आपल्या मातीत बसवतात, हे आपणांस ठाऊक असेलच. समाधी माणिकप्पाच्या वाट्यात आहे. दर सोमवारी तोच ती झाडतो, बेल वाहतो, आजारातही त्याने हे चुकवले नव्हते. आता नांगराचे तास समाधीच्या ओट्याला भिडले आहे. या उन्हाळ्यात नांगराची आणखी एक पाळी झाली, की बाप भावाच्या वाट्यात जाईल आणि सोमवारी बेल वाहायलाही माणिकप्पाला शिवशंकरला विचारावे लागेल. अर्जदाराच्या मते गावातल्या कुठल्याही शहाण्या माणसाने यावर आकाशपाताळ एक केले असते. गावातला जो माणूस कागदोपत्री शहाणा नाही, तो तेवढा गप्प आहे.

८) अर्जदाराची आजवर अशी समजूत होती, की हे गोळ्यांमुळे होत असावे, किंवा तुरुंगाच्या भीतीने. ती समजूत परवा मोडली. बसम्मा अव्वा दुपारी भाकरी घेऊन अर्जदाराच्या घरी आल्या. शकिलाने ओसरीवर बसवले. अव्वा अर्जदाराला म्हणाल्या, "लेकरा, तू त्याला टोचून राहिलास, पर तो बोलायचा न्हाई. मी लई समजावलं. रोज रातीला येकच म्हंतो. मी तोंड उघडलं तर जिलानीला आत टाकतील अव्वा, त्यानं सही केली हाय. एक डाव त्याचं हाड मोडलं, आता त्याचं घर मोडू का?"

महोदया, अर्जदार मंडपवाला आहे, त्याने शेकडो लेकींच्या पाठवणी माईकवरून पार पाडल्या आहेत आणि कधी डोळ्यांतून टिपूस काढले नाही. त्या दुपारी मात्र तो भाकरी हातात धरून बसून राहिला. त्या माणसाने बाप जाऊ दिला असता, पण अर्जदाराला जाऊ दिले नसते. त्याचे "असंल, साहेब" हे सगळे अर्जदारासाठी होते.

अर्जदार तसाच उठून माणिकप्पाकडे गेला आणि त्याला सांगितले, की बैलावरून किंवा बांधावरून तोंडी भांडल्याने जामीनदाराला कोणी आत टाकत नाही, मारामारी निराळी, तक्रार निराळी. तो म्हणाला, "तुम्ही मंडपवाले, साहेब. तुमाला कायदा काय ठावं." म्हणून हे आपल्या सहीशिक्क्याने त्यास लेखी कळणे अत्यंत निकडीचे झाले आहे.

९) वैद्यकीय बाजू. उदगीरला दर महिन्याला इंजेक्शनासाठी अर्जदारच त्यास घेऊन जातो. तेथील डॉक्टरांना अर्जदाराने विचारले, की हा भांडला तर आजार उलटला असे समजायचे का. ते म्हणाले, "बऱ्या माणसाला राग येतोच. झोप, गोळी आणि आवाज यांवर लक्ष ठेवा. राग आला म्हणून घाबरू नका, राग कशाचा आला ते बघा." यातला फरक अर्जदाराने आपल्या बुद्धीने असा लावला आहे, की आजारात माणिकप्पा समोर नसलेल्यांशी भांडायचा आणि बरा असताना समोर असलेल्याशी. समोर अर्जदार असायचा. सबब फरक ओळखण्यास अर्जदाराइतका लायक माणूस तालुक्यात नाही.

१०) तरी आपणांस विनंती, की मा. न्यायालयाकडे शिफारस करून पुढील गोष्टींस परवानगी मिळवून द्यावी. बांधाबाबत श्री. शिवशंकर यांच्याशी, बांध जागेवर येईपर्यंत, लागेल तितक्या आवाजात भांडणे. गिरणीत, नळावर व पत्त्यांत इतरांप्रमाणे भांडणे आणि इतरांनीही त्याच्याशी बिनधास्त भांडणे. अर्जदाराशी रोज सकाळी हणमंतरावच्या हॉटेलात भांडणे. ही परवानगी तीन वर्षांपुरती न देता कायमची द्यावी. हात, काठी, कुऱ्हाड, ग्लास यांस मनाई ठेवावी. ग्लासाबाबत थोडी सवलत मिळाल्यास पाहावे, ते हणमंतरावचे असतात. तसेच आपण पुन्हा एकदा पारावर येऊन गावाचा गैरसमज दूर करावा व दगडोबास उलट दवंडी देण्यास सांगावे. भांड्याला भांडे लागले की आवाज होणारच. आमच्या गल्लीत दोन वर्षे एका भांड्याचा आवाज नाही, आणि ते भांडे फुटलेलेही नाही.

आपला विश्वासू व तूर्तास बिनभांडणाचा,

(सही)
जिलानी महेबूबसाब, जामीनदार
मौजे नागतळ, दि. १७ एप्रिल २०२५

सोबत : १) बंधपत्राची झेरॉक्स. २) अर्जदाराच्या खांद्याचा एक्स-रे, हाड किती चांगले जुळले आहे ते कृपया पाहावे. ३) बांधाचे फोटो, मोबाईलवर काढलेले. मागे जो बैल उभा आहे तो देवणी आहे, त्याच्याकडे लक्ष देऊ नये.

ता. क. (दि. १९ एप्रिल) :

अर्ज पोस्टात टाकण्यापूर्वी माणिकप्पाची संमती म्हणून सही असावी, असे देवणीच्या अर्जनवीसाने सुचवले. म्हणून अर्जदार कागद घेऊन त्याच्या ओट्यावर गेला. त्याने पहिले पान वाचून उलटले. भोंग्यांचा मजकूर वाचताना थोडा थांबला आणि अर्जदाराच्या खांद्याकडे बघितले. अव्वांचे बोलणे वाचले तेव्हा धोतराच्या टोकाने डोळे पुसले. मग आठव्या परिच्छेदातले शेवटचे, म्हणजे तोंडी भांडल्याने जामीनदाराला कोणी आत टाकत नाही हे, त्याने बोट ठेवून दोनदा वाचले आणि विचारले, "हे खरं हाय?" अर्जदार म्हणाला, "सरकारला लिवलंय ते. सरकारला खोटं लिवता येतं का?" एवढ्या अवघड मराठीत लिहिलेले खोटे नसणार, अशी त्याची खात्री पटली असावी. कारण त्याने पाने मागे फिरवून पुन्हा पहिले पान काढले, पेन मागितला, आणि अर्जदाराला वाटले सही करतोय, तोवर पहिल्या परिच्छेदाचे शेवटचे वाक्य त्याने तीन वेळा आडवे खोडले.

मग म्हणाला, "जिलान्या, तुला बैलातलं काय कळतं रं? जन्म गेला तुझा खुर्च्या मोजण्यात."

अर्जदाराने उत्तर दिले. जोरात दिले. त्यापुढचे सविस्तर लिहीत नाही, कारण आपण महिला अधिकारी आहात. दोघांचे बापजादे नेहमीप्रमाणे येऊन गेले. शकिला खिडकीत येऊन पहिल्यांदा घाबरली आणि मग म्हणाली, "या अल्ला, सुरू झालं एकदाचं." हणमंतराव पोलिसाच्या भीतीने सोडवायला धावत आला आणि ऐकता ऐकता त्याला राहवले नाही, म्हणाला, "दोघं बी येडेच हाव. बैल कसला धरून बसलाव, खरी म्हैस." त्यावर त्याच्या चहाविषयी दोन वर्षांत कोणी बोलले नव्हते ते माणिकप्पाने एका दमात सांगितले, आणि जमलेल्या गल्लीने टाळ्या वाजवल्या.

मग तो अंगात सदरा चढवून तसाच शेताकडे निघाला. अर्जदार मागे, अव्वा त्याच्या मागे. शिवशंकरचा ट्रॅक्टर समाधीपाशी आलाच होता. माणिकप्पा त्याच्या तोंडासमोर जाऊन उभा राहिला. हात मोकळे होते, हे अर्जदाराने मुद्दाम पाहिले आहे. तो ओरडला, "दादा, बाप दोघांचा हाय. तू रोज येऊन पाया पड, मी आडवत न्हाई. पर बांध माझा हाय. माघारी घे." शिवशंकरने खिशातून मोबाईल काढला, "लावू का मॅडमला? बंधपत्र इसरलास?" माणिकप्पा म्हणाला, "लाव. मला बी बोलायचं हाय त्यांच्यासंगं." फोन लागला नाही, कारण लावला नाही. बराच वेळ दोघे भाऊ एकमेकांवर ओरडले, लहानपणच्या गोष्टींपर्यंत जाऊन ओरडले. शेवटी ट्रॅक्टर मागे गेला आणि सरकारी मोजणीला दोघांनी अर्ज द्यायचा, हेही त्यांनी ओरडूनच ठरवले. अव्वा समाधीच्या ओट्यावर बसून हे ऐकत होत्या. त्या हसत होत्या.

सबब, जामीनदार या नात्याने कळविणे भाग आहे, की दि. १९ रोजी माणिकप्पा याने बंधपत्रातील वरील अटीचा तीन वेळा भंग केला आहे. त्याचे या महिन्याचे इंजेक्शन झालेले आहे, झोप नीट लागते, आणि आवाज अर्जदाराचा सोडून दुसरा कोणाचा ऐकू येत नाही. या भंगाबद्दल जी काही कारवाई करायची ती अर्जदारावर करावी. अर्जदारास फार आनंद झालेला आहे.

अर्ज पुन्हा स्वच्छ लिहून काढावा असे वाटले होते, पण तो तसाच पाठवीत आहे. खोडलेला मजकूर कागद उजेडात धरल्यास वाचता येतो. कृपया वाचावा.

(सही) जिलानी

संमती व शेरा, माणिकप्पाच्या हाताने :

समदं वाचलं. पैल्या पानावर बैलाचं लिवलंय ते खोटं हाय, म्हणून खोडलं. बाकीचं खरं हाय.

(सही) माणिकप्पा